तार, ट्रंक कॉल, मिस्ड कॉल: संपर्काच्या साधनांनी आपलं बोलणं कसं घडवलं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

संपर्कसाधनांचा इतिहास बहुतेक ठिकाणी कबुतरापासून सुरू होतो आणि व्हॉट्सॲपवर संपतो. यंत्रांची यादी मिळते, पण त्या यंत्रांवरून माणसं एकमेकांशी काय बोलत होती आणि किती बोलत होती, ते राहून जातं. खालच्या उत्तरांमध्ये एक धागा आहे. पैसे कशाचे मोजावे लागतात, वजनाचे, शब्दांचे, मिनिटांचे की अक्षरांचे, यावर बोलण्याची तऱ्हा ठरत आली आहे. म्हणून इथे यंत्रांपेक्षा दरपत्रकांवर जास्त भर आहे. उदाहरणं भारतातली, त्यातही जास्त करून महाराष्ट्रातली.

टपाल आणि तार येण्याआधी बातमी किती वेगाने पोचायची?

कोणाची बातमी, यावर ते अवलंबून होतं. पेशव्यांच्या दरबाराकडे जासूद होते, सांडणीस्वार होते. सावकारांकडे स्वतःचे कासीद होते आणि ते बऱ्याचदा सरकारी माणसांच्या आधी पोचत, कारण हुंडीचा व्यवहार बातमीवरच चालायचा. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली. नानासाहेब पेशवे तेव्हा उत्तरेकडे निघाले होते आणि भेलशाच्या, म्हणजे आजच्या विदिशाच्या, परिसरात होते. तिथे त्यांना सुमारे दहा दिवसांनी पराभवाची वार्ता कळली, तीही एका सावकाराच्या पत्रातून. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाही, अशा आशयाचं ते पत्र इतिहासात प्रसिद्धच आहे. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. पत्र वाटेत कोणाच्या हाती पडलं तरी हिशेबाचा कागद वाटावा, अशी ती भाषा होती.

सामान्य माणसासाठी यातलं काहीच नव्हतं. त्या बाजूला जाणारा कोणी यात्रेकरू, व्यापारी किंवा पाहुणा गाठायचा आणि तोंडी निरोप द्यायचा. निरोप पोचला की नाही, हे तो माणूस परत आल्यावर कळायचं.

सर्वसामान्यांना परवडेल असं टपाल कधी सुरू झालं?

१८५४ मध्ये. त्याआधी पत्राचा खर्च अंतरावर ठरायचा. त्या वर्षीपासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा असा दर लागू झाला आणि पत्र शेजारच्या तालुक्यात जावो की कलकत्त्याला, दर तोच. अंतराचं ओझं गेलं आणि वजनाचं आलं. म्हणून पातळ कागद, बारीक अक्षर, समासात उभ्या आडव्या ओळी आणि शेवटी चिकटवायच्या जागेपर्यंत आलेला ताजा कलम.

तिकीट न लावता टाकलेल्या पत्राचे दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून वसूल होत. आपल्याकडे त्याला 'नॉटपेड' म्हणत. पुष्कळ घरांत अशी पत्रं नाराजीने का होईना सोडवून घेतली जात, कारण आत काय असेल ते सांगता येत नसे. पैसे कोणी भरायचे, पाठवणाऱ्याने की घेणाऱ्याने, हा वाद तेव्हापासूनचा आहे. तो मोबाइलच्या काळात पुन्हा उपटला, त्याबद्दल पुढे.

१ जुलै १८७९ ला पोस्टकार्ड आलं, पाव आण्याला. इथे वजनही गेलं, उरली फक्त जागा. मराठी पत्रांत आधीपासून असलेली संक्षेपांची सवय पोस्टकार्डावर फार उपयोगी पडली: ती. स्व., चि., शि. सा. न., अ. उ. आ., वि. वि. मायना आणि शेवट या दोन-चार अक्षरांत उरकायचा आणि मधली जागा मजकुराला ठेवायची. शिवाय कार्ड उघडं. पोस्टमन, शेजारी, सासू, सगळेच वाचणार. त्यामुळे नवविवाहित मुलगी कार्डावर 'मी सुखरूप आहे' यापलीकडे काय लिहिणार? खरी पत्रं बंद पाकिटातून किंवा १९५० मध्ये आलेल्या आंतरदेशीय पत्रातून जात. जुन्या कार्डांवरून कुटुंबाच्या भावनांचा अंदाज बांधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं. कार्ड कोरडं आहे म्हणून नातं कोरडं होतं असं नाही.

भारतात तार कोणी आणली?

विल्यम ब्रूक ओशॉनेसी या आयरिश डॉक्टरने. तो कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. १८३९ मध्येच त्याने कलकत्त्याजवळ तारांवर प्रयोग केले होते. सरकारने लक्ष दिलं ते गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात. कलकत्ता ते डायमंड हार्बर ही प्रायोगिक लाइन झाली, मग कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास अशी जोडणी सुरू झाली आणि १८५५ मध्ये तार लोकांसाठी खुली झाली.

तारेची भाषा इतकी तुटक का असायची?

कारण पैसे शब्दांवर होते. सुरुवातीच्या दरांत सोळा शब्दांना ४०० मैलांपर्यंत एक रुपया पडायचा. एक रुपया ही तेव्हा मजुराच्या कित्येक दिवसांच्या कमाईएवढी रक्कम. पुढे दर उतरले, पण शब्द मोजायची पद्धत शेवटपर्यंत राहिली. 'मदर सीरियस स्टार्ट इमीजिएटली' या चार शब्दांत आजार आहे, आज्ञा आहे, घाई आहे. कोणता आजार, कोणतं हॉस्पिटल, पैसे आणायचे का, यातलं काहीही नाही. ते गाडीत बसल्यावर आपलं आपण कल्पायचं. आणि अनुभवी माणसांना 'सीरियस'चा अर्थ बहुधा ठाऊक असायचा. गेल्याचं थेट कळवलं तर प्रवासात काही बरंवाईट होईल, म्हणून माणूस गेल्यावरही 'सीरियस' अशीच तार करायची रीत पुष्कळ घरांत होती.

दुसरी अडचण लिपीची. तार मोर्स संकेतांतून जायची आणि व्यवहार रोमन अक्षरांतून, मुख्यतः इंग्रजीतून. देवनागरी तारेची सोय स्वातंत्र्यानंतर झाली, पण लोकांच्या हाताला इंग्रजी तारच बसली होती. खेड्यात तार आली की ती घेऊन मास्तरांकडे पळायचं. घरातली सर्वांत खासगी बातमी सर्वांत आधी गावातल्या शिकलेल्या माणसाला कळायची. 'तार आली' एवढं ऐकूनच बायकांनी रडायला सुरुवात केली आणि वाचल्यावर कळलं की मुलगा पास झालाय, असे किस्से जवळजवळ प्रत्येक घराण्यात सापडतील. आनंदाच्या तारांसाठी खात्याने तयार वाक्यांना क्रमांक दिले होते. दिवाळी, लग्न, बाळाचा जन्म, परीक्षेतलं यश यांपैकी हवा तो क्रमांक सांगायचा आणि पलीकडे पूर्ण वाक्य टाइप होऊन, सजवलेल्या कागदावर मिळायचं. दुःखाला मात्र शब्द मोजूनच द्यावे लागत.

व्यापाऱ्यांनी शब्दांचा खर्च कसा वाचवला?

सांकेतिक पुस्तकं वापरून. आख्ख्या वाक्याला एक शब्द: अमुक शब्द म्हणजे 'माल जहाजावर चढला', तमुक म्हणजे 'भाव पडतोय, विकू नका'. १८७० मध्ये मुंबई ते एडन ही समुद्राखालची तार 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजाने टाकली आणि मुंबईचा कापूसबाजार लिव्हरपूलच्या भावाशी जोडला गेला. तोपर्यंत विलायतेतला भाव जहाजाने यायचा, म्हणजे कळेपर्यंत शिळा झालेला असायचा.

पत्ताही शब्दांत मोजला जायचा, म्हणून पेढ्या एका शब्दाचा 'तारेचा पत्ता' नोंदवून घेत. जुन्या लेटरहेडवर फोन नंबरच्या शेजारी तो छापलेला दिसतो.

जाता जाता: मुंबईचा मटकाही याच तारांचं अपत्य. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे उघडण्याचे आणि बंद होण्याचे भाव टेलिप्रिंटरवर यायचे आणि लोक त्या आकड्यांवर पैजा लावायचे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणं थांबलं, तेव्हा चिठ्ठ्या मडक्यात टाकून आकडे काढायला सुरुवात झाली. व्यसन तेच राहिलं, फक्त तार गेली.

मनीऑर्डरला संपर्काचं साधन म्हणायचं का?

कोकणातल्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा. १८८० पासून टपालखात्यामार्फत मनीऑर्डर जाऊ लागली आणि गिरण्यांच्या काळात मुंबईतला चाकरमानी रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं, साताऱ्या-सांगलीतलं घर तिच्यावर चालवायचा. पुढे कमिशन वीस रुपयांना एक रुपया झालं, म्हणजे शंभराला पाच. गिरणी कामगारासाठी ही रक्कम लहान नव्हती. पण फॉर्मच्या तळाशी संदेशासाठी एक छोटी पट्टी होती आणि तिचे वेगळे पैसे नव्हते.

त्या पट्टीत एक वेगळंच वाङ्मय जन्मलं. 'पैसे मिळाल्याचे कळवणे. बंड्याची फी भरणे. गणपतीला येतो.' आईची तब्येत, शेताची नांगरट, सावकाराचा हप्ता, सगळं त्या दोन-तीन ओळींत. ज्यांना लिहिता येत नसे ते खानावळीतल्या किंवा खोलीतल्या सोबत्याकडून लिहून घेत. पलीकडे पैसे देणारा पोस्टमनच मजकूर वाचून दाखवायचा, अंगठा घ्यायचा आणि पोच लिहूनही द्यायचा. त्यामुळे कोणाचा मुलगा पैसे पाठवतो, कोणाचा थांबलाय, हे पोस्टमनइतकं कोणालाच ठाऊक नसायचं. मनीऑर्डर महिन्याच्या ठरल्या तारखेला आली नाही, तर तोही निरोपच होता. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा घाटावर आणि कोकणात असंख्य घरांना तो न आलेल्या मनीऑर्डरीतून कळला.

जुन्या पद्धतीची मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली. आज पैसे क्षणात जातात आणि बँकेचा संदेश येतो: अमुक रक्कम जमा. 'गणपतीला येतो' लिहायची जागा त्यात नाही. त्यासाठी वेगळा फोन करावा लागतो, आणि बऱ्याचदा केला जात नाही.

ट्रंक कॉल म्हणजे काय?

परगावी फोन करायचा तर आधी एक्स्चेंजकडे नंबर नोंदवायचा आणि वाट बघत बसायचं. ऑपरेटर मधल्या एक्स्चेंजमधून वाट जोडत जोडत पलीकडचा माणूस मिळवून द्यायचा. तीन प्रकार होते: ऑर्डिनरी, दुप्पट दराचा अर्जंट आणि आठपट दराचा लाइटनिंग. ऑर्डिनरी कॉल सकाळी नोंदवला तर संध्याकाळी लागायचा, किंवा लागायचाच नाही.

हिशेब तीन मिनिटांचा. तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्ये बोलायचा आणि वाढवायचा का विचारायचा. एवढ्या वेळात काय बोलायचं ते माणसं आधी कागदावर लिहून काढत. पहिलं मिनिट मात्र 'हॅलो, ऐकू येतंय का?' यात जायचं. आणि ओरडून बोलायचं! लाइन खराब असायची म्हणून लागलेली ती सवय लाइन सुधारल्यावरही एका आख्ख्या पिढीला सुटली नाही. आजोबा अजून व्हिडिओ कॉलवर ओरडतात त्याचं मूळ इथे आहे.

फोन मिळायलाच वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, त्यामुळे आळीत किंवा चाळीत एखाद्याकडेच तो असायचा. व्हिजिटिंग कार्डावर, अगदी लग्नपत्रिकेवरही, शेजाऱ्याचा नंबर देऊन पुढे कंसात 'पी. पी.' लिहीत. ज्याच्याकडे फोन, त्याचा पोरगा दिवसभर जिने चढ-उतर करून लोकांना बोलवायचा, आणि बोलणं संपेपर्यंत त्या घरातली सगळी मंडळी 'आम्ही ऐकत नाही' असा चेहरा करून ऐकायची. प्रेमप्रकरणं या व्यवस्थेत कशी टिकली असतील, हे एक आश्चर्यच.

एसटीडी बूथमुळे काय बदललं?

ऑपरेटर गेला. देशातली पहिली एसटीडी, म्हणजे परगावचा नंबर स्वतः थेट फिरवायची, सेवा १९६० मध्ये कानपूर आणि लखनौ या शहरांत सुरू झाली होती, पण सामान्य माणसाच्या आयुष्यात ती आली ती ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात, पिवळ्या पाट्यांच्या बूथमधून. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने भारतीय हवेत, धुळीत, एअर कंडिशनरशिवाय चालतील अशी लहान एक्स्चेंज बनवली आणि तालुक्याच्या खालच्या गावांपर्यंत थेट डायलिंग पोचलं. बूथ देताना अपंगांना प्राधान्य असायचं, त्यामुळे कित्येकांना त्यातून स्वतःचं उत्पन्नही मिळालं.

बूथमध्ये काचेच्या खोक्यात उभं राहून बोलायचं आणि समोर मीटरचे लाल आकडे पळत असायचे. ट्रंक कॉलला मर्यादा तीन मिनिटांची होती. इथे मर्यादा खिशाची, आणि ती डोळ्यांसमोर वाढताना दिसायची. आकड्यांकडे बघत बोलणारा माणूस वाक्य अर्धवट सोडतो. रात्री उशिरा दर पावपट व्हायचा, म्हणून अकराच्या सुमाराला बूथवर रांग लागायची. पुण्यात शिकणारी लातूर-नांदेडची मुलं घरच्यांशी त्या वेळेला बोलायची. शेतकरी घरात रात्री अकरा म्हणजे मध्यरात्र, तरी आई जागी राहायची. झोपेच्या वेळा दरपत्रकाने बदललेल्या होत्या.

परदेशातली मराठी माणसं घराशी कसा संपर्क ठेवायची?

हवाई पत्रं, आणि वर्षातून एक-दोनदा फोन. काही कुटुंबांनी कॅसेटचा मार्ग काढला होता. आई-वडील, आजी, भावंडं टेपरेकॉर्डरसमोर बसून तासभर बोलत, मागे कुकरची शिट्टी, रेडिओ, फेरीवाला सगळं भरलं जाई आणि ती कॅसेट टपालाने किंवा जाणाऱ्या पाहुण्याबरोबर जाई. फोनवरच्या मोजक्या मिनिटांपेक्षा त्यात किती तरी जास्त घर असायचं. कोणाकडे अशा कॅसेट असतील तर त्या आजच डिजिटल करून घ्या. चुंबकीय फीत फार काळ थांबत नाही.

रेडिओ आणि टीव्ही यांचा यात समावेश का नाही?

ते एकमार्गी आहेत म्हणून. मुंबई केंद्राचं प्रसारण २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला. दोन्हींनी भाषा घडवली, पण माणसं एकमेकांशी बोलत नव्हती, ऐकत होती. एक गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. रेडिओ ऐकण्यासाठीही परवाना लागायचा आणि त्याची वार्षिक फी पोस्टात भरावी लागायची. म्हणजे ऐकण्याचेही पैसे होते. ते ऐंशीच्या दशकात बंद झाले.

पिन कोड मराठी माणसाने तयार केला, हे खरं आहे का?

हो. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी. सहा आकड्यांचा पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाला. गरज साधी होती: पत्ते निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले आणि एकाच नावाची गावं ढिगाने. महाराष्ट्रात वडगाव आणि पिंपळगाव किती आहेत ते मोजायला बसा, म्हणजे कळेल. पहिला आकडा विभागाचा; आपला ४, आणि तो गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड यांचाही. ९ सैन्याच्या टपालासाठी.

मिस्ड कॉलची पद्धत कशी पडली?

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना लावलेला. सुरुवातीची काही वर्षं करणारा आणि घेणारा दोघांनाही पैसे पडत. फोन वाजला की लोक उचलायच्या आधी विचार करत. २००३ मध्ये येणारे कॉल मोफत झाले. आता पैसे फक्त करणाऱ्याला, आणि न उचललेल्या कॉलला कोणालाच नाहीत. बाकीचं लोकांनी केलं.

एक रिंग म्हणजे 'पोचलो'. दोन म्हणजे 'खाली ये'. रिक्षावाल्याचा मिस्ड कॉल म्हणजे 'गेटवर उभा आहे', दूधवाल्याचा म्हणजे 'भांडं काढा'. मुलीने दिला तर बापाने लगेच उलट लावायचा, बॅलन्स त्याच्याकडे असतो. कोणी कोणाला मिस्ड कॉल द्यायचा याचे अलिखित नियम होते: नोकराने मालकाला, पोराने बापाला, गरजूने सावकाराला. साहेबाला मिस्ड कॉल देणं उद्धटपणा. नॉटपेड पत्राचा वाद इथे परत आला होता, फक्त घेणाऱ्याला आता फसवल्यासारखं वाटत नव्हतं, कारण दोघांना हिशेब ठाऊक होता.

२०११ च्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनात पाठिंबा नोंदवायला मिस्ड कॉलचा नंबर दिला होता. बंगळूरच्या झिपडायल कंपनीने जाहिरातदारांसाठी याचाच धंदा उभारला आणि २०१५ मध्ये ट्विटरने ती विकत घेतली. पुढच्याच वर्षी जिओ आलं, कॉल डेटाच्या पॅकमध्ये गेले आणि मिस्ड कॉलचं कारणच उरलं नाही. त्याआधी २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदावर बिल लावायला सुरुवात केली होती, त्या काळात 'बरं, ठेवतो' म्हणायची घाईही थोडी कमी झाली.

लोक मराठी एसएमएस इंग्रजी अक्षरांत का लिहायचे? आळस?

आळस नव्हता, गणित होतं. एका एसएमएसमध्ये १४० बाइट जागा. रोमन अक्षराला सात बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरीला प्रत्येक चिन्हामागे सोळा बिट लागतात, म्हणून फक्त ७०. शिवाय काना, मात्रा, हलन्त ही वेगळी चिन्हं धरली जातात. 'नमस्कार' देवनागरीत सात चिन्हांचा आणि रोमनमध्ये आठ अक्षरांचा, पण पहिला सत्तरातला दहावा भाग खातो आणि दुसरा एकशे साठातला विसावा. मराठीत लिहिलं की एकाचे दोन, दोनाचे तीन एसएमएस व्हायचे आणि प्रत्येकाचे पैसे वेगळे. त्यातून पलीकडच्या फोनवर चौकोन उमटायची शक्यता होतीच.

१६० हा आकडा कुठून आला? फ्रीडहेल्म हिलब्रांड या जर्मन अभियंत्याने १९८० च्या दशकात टाइपरायटरवर सहज सुचतील तशी वाक्यं लिहून अक्षरं मोजली आणि पोस्टकार्डांवरचे मजकूर व टेलेक्स यांच्याशी ताडून पाहिली. बहुतेक निरोप १६० च्या आत बसत होते. त्या मोजणीत देवनागरी नव्हती. एका जर्मन टाइपरायटरने आपल्या पोरांची मराठी 'kuthe aahes'सारखी नव्हे, तर 'k' आणि 'hs' अशा तुकड्यांची केली, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

दिवाळी आणि नव्या वर्षाच्या दिवशी कंपन्या 'ब्लॅकआउट डे' जाहीर करत. त्या दिवशी स्वस्त पॅक चालत नसे, म्हणून शुभेच्छा आदल्या रात्रीच यायच्या.

संगणकावर मराठी नीट कधीपासून लिहिता येऊ लागलं?

युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठी एकच संकेतपद्धत, रुळल्यावर; साधारण २००० नंतरच्या दशकात. त्याआधी प्रत्येक फॉन्टचा कारभार स्वतंत्र होता. श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर दुसऱ्याकडे तो फॉन्ट नसेल तर अगम्य चिन्हांचा ढीग दिसायचा. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने या क्षेत्रात मोठं काम केलं आणि १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानकही झालं, पण वर्तमानपत्रांची संकेतस्थळं बराच काळ आपापल्या फॉन्टवरच चालली. युनिकोडमध्येही मराठीची सोय हप्त्याहप्त्याने झाली: 'ॲ' हे अक्षर स्वतंत्रपणे २००८ मध्ये आलं. ज्यांनी त्याआधी 'अ'वर चंद्र चढवायची खटपट केली आहे त्यांना याचं महत्त्व सांगायला नको.

मात्र टाइप करायला शिकण्याआधीच लाखो लोक आवाजी संदेशांवर गेले. व्हॉट्सॲपवर ही सोय २०१३ मध्ये आली. ज्या आजीला पोस्टकार्ड लिहायला नातू लागायचा ती आज स्वतः बटण दाबून मालवणीत तीन मिनिटं बोलते. माझ्या मते गेल्या काही वर्षांतला हा सर्वांत मोठा बदल आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

सगळं जवळजवळ फुकट झाल्यावर काय झालं?

पाठवणाऱ्याचा खर्च संपला. खर्च वाचणाऱ्याकडे गेला, त्याच्या वेळेच्या रूपात. सुप्रभातची फुलं, एकच विनोद पाच गटांत, 'आल्याप्रमाणे पुढे पाठवत आहे' असं लिहून हात झटकणं, हे सगळं शब्दाला पैसे पडत असते तर घडलंच नसतं. तारेसाठी चार शब्द निवडणारा माणूस त्यांची जबाबदारीही घेत होता. पुढे ढकलणाऱ्याला ती वाटत नाही.

याची किंमत कधी कधी भयंकर असते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातले, भिक्षेसाठी आलेले लोक होते. मुलं पळवणाऱ्या टोळ्या फिरताहेत अशा अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून पसरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, ती जानेवारी २०१९ मध्ये जगभर लागू केली आणि २०२० मध्ये वारंवार पुढे गेलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. पैशांचा अडसर गेल्यावर दुसरा अडसर हाताने घालावा लागला. तो पुरेसा आहे असं मला वाटत नाही, पण दिशा बरोबर आहे.

तंत्रज्ञानामुळे माणसं जवळ आली की दुरावली?

हा दहावीच्या निबंधाचा विषय आहे. दोन्ही बाजू मांडा, पाच गुण मिळतील. कोण, कोणापासून आणि किती पैशांत, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

भारतातली तारसेवा कधी बंद झाली?

१४ जुलै २०१३ च्या रात्री शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या. शेवटच्या काळात तिचा उपयोग मुख्यतः सरकारी कामाला आणि पुरावा म्हणून व्हायचा. सुट्टी हवी असलेल्या सैनिकाला घरची तार दाखवता यायची. शेवटच्या दिवशी मात्र, आयुष्यात कधी तार न केलेल्यांनी आठवण म्हणून रांगा लावल्या.

घरात जुनी पोस्टकार्डं आणि तारा सापडल्या आहेत. त्यांचं काय करावं?

लॅमिनेशन करू नका. चिकटपट्टीही लावू नका, तिचा गोंद काही वर्षांत कागद पिवळा करतो. दोन्ही बाजूंचे चांगल्या उजेडात फोटो काढा, पत्त्याची बाजू सोडू नका. टपालाच्या शिक्क्यावरून तारीख आणि गाव कळतं आणि पत्रात तारीख नसेल तर तोच आधार. कोणाचं पत्र, कोणाला, त्यात उल्लेख आलेली माणसं कोण, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लगेच लिहून ठेवा. 'बाळ', 'ताई', 'दादा' म्हणजे नेमकं कोण, हे पुढच्या पिढीला कळणार नाही. आंतरदेशीय पत्रं घडीवर फाटतात, म्हणून ती उलगडून सपाट ठेवा. मूळ कागद कोरड्या जागी, शक्यतो आम्लरहित कागदाच्या पाकिटांत असावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोकणातला पावसाळा शिरला की बुरशी ठरलेली.

मोडीतली कागदपत्रं निघाली तर फेकू नका. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग होतात, तिथे वाचणारी माणसं भेटतात. बरेचदा ते पत्र नसतं, जमिनीच्या व्यवहाराचा कागद असतो, आणि मग त्याला वकिलाकडेही न्यावं लागतं.